सॉल्ट लँटर्नबरोबर बडोद्याला

मी बडोद्याची. आजोबा संस्थानच्या महसूल खात्यात होते, बाबा रिफायनरीत. सयाजीगंजातल्या कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले, पुढच्या शिक्षणासाठी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात गेले आणि तिथलीच होऊन राहिले. आता आपल्याच गावाचं प्रवासवर्णन काय लिहायचं, असं कुणी म्हणेल. पण या जानेवारीत मी जशी बडोद्याला गेले, तशी आधी कधीच गेले नव्हते. दरवर्षी मी दोन बॅगा आणि आईसाठी चॉकलेटं घेऊन उतरते. या वेळी माझ्याबरोबर अख्खा बँड होता.

बँडचं नाव सॉल्ट लँटर्न. तीन माणसं. ईफा गाते आणि गिटार वाजवते. तिचा मोठा भाऊ कॉर्मॅक कीबोर्डवर असतो. त्यांच्या गाण्यांतले ते विचित्र, सुंदर, यंत्रांतून काढलेले आवाज सगळे त्याचे. आणि ड्रमवर डेक्लन, ज्याला जगात फक्त दोन गोष्टींची काळजी असते, ताल आणि जेवण. मी त्यांची साउंड इंजिनिअर. म्हणजे प्रेक्षकांच्या मधोमध जे बटणांचं मोठं टेबल असतं, त्यामागे उभी राहून कुणाचा आवाज लोकांपर्यंत किती आणि कसा पोचवायचा, हे ठरवणारी. आई नातेवाइकांना सांगते, "शर्वरी साउंडमध्ये आहे." त्यावर एका मामांनी मुलाच्या लग्नात लाउडस्पीकर भाड्याने मिळतील का, असं विचारलं होतं.

हिंदुस्थानचा हा त्यांचा पहिलाच दौरा. बंगळूर झालं, पुणं झालं, आणि शेवटचा कार्यक्रम बडोद्याला. बडोद्याचं नाव यादीत मीच घुसवलं होतं.

मुंबईहून बडोद्याला

गाडी सुटल्यापासून डेक्लन खिडकीला नाक लावून बसला होता. ईफा आणि कॉर्मॅक समोरासमोर बसले होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

हे सगळं सप्टेंबरात सुरू झालं. कॉर्कमध्ये तालीम संपल्यावर कॉर्मॅक कीबोर्डवर फडकं टाकत म्हणाला, "हिंदुस्थानचा दौरा झाला की मी थांबतो."

"थांबतो म्हणजे?" ईफाने विचारलं.

"थांबतो. कंटाळा आला."

वीस-बावीस वर्षं चाललेल्या बँडबद्दल भावाने असं म्हणावं, हे तिच्या फार जिव्हारी लागलं. तेव्हापासून स्टेजवर दोघं एकमेकांच्या श्वासाबरहुकूम वाजवायचे आणि स्टेजवरून उतरले की संपलं. बोलायचं ते माझ्यामार्फत.

"शर्वरी, त्याला सांग, पाण्याची बाटली इकडे दे."

बाटली त्याच्या हातात होती आणि हात तिच्यापासून वीतभर लांब. मी ती घेऊन तिला दिली. शेजारी सुरतेचं एक कुटुंब बसलं होतं. त्यातल्या काकूंनी डब्यातले ठेपले काढून आम्हा सगळ्यांना वाटले आणि मला हळूच विचारलं, "नवरा-बायको छे?"

"भाऊ-बहीण," मी म्हणाले.

"तो बराबर," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दोघांनाही एकेक ठेपला जास्त दिला.

आयर्लंडमध्ये गाडीत अनोळखी माणसाला कुणी खायला देत नाही. पण हवेबद्दल इतकं बोलतात, की उतरेपर्यंत ओळख झालेलीच असते. इथे हवेबद्दल कुणी बोललं नाही. भरूचचा पूल येईपर्यंत डेक्लनचे चार ठेपले झाले होते आणि काकूंना त्याच्या आईचं नावसुद्धा कळलं होतं.

अलकापुरी

बडोद्यात उत्तरायण नुकतंच होऊन गेलं होतं. झाडांवर, तारांवर, खांबांवर तुटलेले पतंग लटकत होते. अलकापुरीतल्या हॉटेलच्या दारातल्या कडुलिंबाकडे बघून ईफाने विचारलं, की हे कसलं झाड, याला कागदाची फुलं येतात का? मी तिला उत्तरायण समजावून सांगितलं. दोन दिवस सगळं शहर गच्चीवर असतं, हे ऐकून ती म्हणाली, "आणि आम्ही चार दिवस उशिरा आलो. तुझं नियोजन."

त्याच दुपारी वाद्यांचा ट्रक आला. ड्रम आले, गिटारी आल्या, केबलींचे डबे आले. कॉर्मॅकच्या दोन निळ्या पेट्या आल्या नाहीत. मुंबईत माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवताना त्या भलत्याच ट्रकमध्ये गेल्या होत्या आणि तो ट्रक कोचीच्या रस्त्याला लागला होता. ट्रान्सपोर्टवाले फोनवर फार गोड बोलत होते. पेट्या सुखरूप आहेत, ताई. फक्त परवाच्या कार्यक्रमाला पोचणार नाहीत.

त्या पेट्यांत दोन जुने सिंथेसायझर होते. सिंथेसायझर म्हणजे असा कीबोर्ड, ज्यात सूर नुसता वाजवायचा नसतो, तर आधी घडवायचा असतो. तो खरखरीत की गुळगुळीत, भरलेला की पोकळ, हे सगळं कळ फिरवून फिरवून ठरवायचं. बावीस वर्षांत घडवलेला प्रत्येक आवाज त्या दोन यंत्रांच्या पोटात होता. कॉर्मॅक कधी लॅपटॉप घेऊन स्टेजवर गेला नाही. जुन्या रेकॉर्डवरून आवाज उचलता येतील का, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "शिजलेल्या आमटीतून मीठ वेगळं काढशील?"

तो लॉबीतल्या सोफ्यावर शांत बसला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. ईफा जिन्यापाशी उभी राहून म्हणाली, "शर्वरी, त्याला विचार, कार्यक्रम रद्द करायचा का?"

"तिला सांग, नाही."

त्याचा तो नकार इतका तातडीचा होता, की मला नवल वाटलं. कंटाळलेल्या माणसाला कार्यक्रम रद्द होण्याचं इतकं वाईट का वाटावं?

मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "कीबोर्डच हवेत ना? अगं, हे बडोदं आहे. जिग्नेशभाईंना विचारतो."

बाहेरच्यांना सांगायला हवं, की बडोद्यात गरबा टेपवर होत नाही. नवरात्रात मोठमोठ्या मैदानांवर जिवंत ऑर्केस्ट्रा असतो, हजारो माणसं त्याच्याभोवती गोल फिरतात आणि ते वादक वर्षभर सराव करतात. जिग्नेशभाई अशाच एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतात. पन्नाशीचे, गोरेपान, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आमच्या सोसायटीत पलीकडच्या विंगमध्ये राहतात आणि मराठी शेजार असल्यामुळे त्यांची स्वतःची एक मराठी आहे. ते संध्याकाळी हॉटेलवर आले, कॉर्मॅकशी हात मिळवला आणि मला म्हणाले, "बेन, माझ्याकडे दोन आहेत. नवे आहेत, मस्त आहेत. पण त्यात यांचे आवाज नाही मळणार. ते तर यांनाच बनवायला पडेल. उद्या सकाळी घरी आणतो, शांतीथी बसू."

वासणा

वासण्याचं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. बाहेरच्या खोलीत हिंचका आहे, गुजराती घरांत असतो तसा, छताला टांगलेला झोपाळा. डेक्लनने तो पाहिला आणि दिवसभर सोडला नाही. आईने सकाळपासून सेव-उसळीची तयारी केली होती. बडोद्याची सेव-उसळ म्हणजे वाटाण्याची तिखट उसळ, वर मुठीने शेव, तर्री वेगळ्या वाटीत आणि सोबत पाव. उसळ आम्ही मराठी लोकांनी आणली, शेव गुजरात्यांनी घातली, असं बाबा सांगतात आणि जिग्नेशभाई ते अजिबात मान्य करत नाहीत.

"तिखट फावेल ना यांना?" आईने विचारलं.

डेक्लनने तर्रीची वाटी तोंडाला लावून रिकामी केली. त्याचा चेहरा टोमॅटोसारखा झाला, पण वाटी त्याने पुन्हा पुढे केली. तेव्हापासून तो आईचा लाडका.

जिग्नेशभाईंनी दोन्ही कीबोर्ड टीपॉयवर मांडले, स्पीकर जोडला आणि कॉर्मॅकला कोणती कळ काय करते ते दाखवलं. भाषा दोघांची वेगळी, पण बोटं दाखवतील तिकडे दोघं माना डोलवत होते. मग कॉर्मॅक एकटा कामाला लागला. ईफा हिंचक्यापलीकडे, गॅलरीच्या दारात पाठ करून बसली होती.

सगळ्यात आधी त्याने भोंगा घेतला. त्याची गोष्ट सांगायला हवी, कारण बँडची सुरुवातच तिथे आहे. कॉर्कच्या पश्चिमेला समुद्रकाठी त्यांचं लहानसं गाव. वडील समोरच्या बेटावर माणसं नेणारी फेरीबोट चालवायचे. घरामागे मासळीच्या बर्फाची बंद पडलेली शेड होती. तिथे या दोघांनी, कॉलेजातही न गेलेल्या वयात, चर्चने टाकून दिलेला एक ऑर्गन ओढत आणला. धुक्याच्या दिवशी बोटीचा भोंगा वाजायचा आणि कॉर्मॅक तो सूर ऑर्गनवर शोधायचा. त्या सुरावर त्याने पहिलं गाणं रचलं आणि स्वतःच गायलं. पुढे गायची ती ईफा, पण हे एक गाणं त्याचं. बँडमध्ये सगळे त्याला नुसतं 'फेरी' म्हणतात. दौऱ्याच्या यादीतून ईफाने ते काढून टाकलं होतं. तरी त्याचा हात आधी तिकडेच गेला.

पण भोंगा काही जमेना. नव्या यंत्रातून तो सूर स्वच्छ, गुळगुळीत येत होता. कॉर्मॅक कळा फिरवत राहिला. शेवटी गॅलरीच्या दारातून आवाज आला, "शर्वरी, त्याला सांग, तो इतका कोरडा नव्हता. त्यात पाणी होतं."

मी सांगायच्या आतच कॉर्मॅकने एक कळ मागे नेली.

"आणि तो मधूनच डुलायचा. बोट लाटेवर आली की."

त्याने डुलवला. जिग्नेशभाई म्हणाले, "अरे वाह." ईफा उठली, पाट ओढून कीबोर्डसमोर बसली आणि भावाकडे न बघता दुसऱ्या कळेला हात घातला.

मग दुपारभर जे चाललं, ते मी कधी विसरणार नाही. एकेक गाणं घ्यायचं आणि त्याचा आवाज आठवायचा. आठवणी बहुतेक ईफाच्या, हात कॉर्मॅकचे. आवाजाबरोबर दिवस परत यायचे. हा पहिल्या रेकॉर्डचा. तेव्हा डेक्लन लग्नांत ड्रम वाजवायचा आणि कॉर्मॅकच्या ताल धरणाऱ्या यंत्राला हरवायचं म्हणून तो बँडमध्ये आला. ("आणि हरवलं," हिंचक्यावरून डेक्लन.) हा लंडनचा, ज्या गाण्याने त्यांचं नाव झालं आणि मोठमोठ्या मैदानांत हजारो लोक ते त्यांच्याबरोबर गाऊ लागले. हा तिसऱ्या रेकॉर्डचा, जी कुणालाच आवडली नाही. वर्तमानपत्रांनी टिंगल केली, कंपनीने हात काढून घेतला. डेक्लन शाळेची बस चालवू लागला, ईफा मुलांना इंग्रजी शिकवू लागली आणि कॉर्मॅक खेडोपाडी हिंडून चर्चचे ऑर्गन दुरुस्त करत राहिला. कितीतरी वर्षं सॉल्ट लँटर्न हे नावच नव्हतं.

"आणि हा?" बाबांनी विचारलं. कॉर्मॅकने एक लांब, काळोखासारखा खर्ज लावला होता. बाबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून कधीपासून ऐकत बसले होते.

हा मला ठाऊक होता. परत उभं राहिल्यावरच्या पहिल्या कार्यक्रमाचा. कॉर्कमधला एक छोटा हॉल, त्यांचा नेहमीचा इंजिनिअर आजारी आणि बदली म्हणून आलेली मी. तेव्हा माझी पदवी नवी होती. समोर ज्यांना जग विसरलं होतं अशी तीन माणसं, आणि त्यांनी असं काही वाजवलं की बटणांवरून हात उचलून नुसतं ऐकत राहावं. हरलेली माणसं कडू होतात असं मला वाटायचं. ही तिघं हरून मऊ झाली होती. त्यांच्या नव्या गाण्यांत मोठेपणाची हाव नव्हती, प्रत्येक सुराला श्वास घ्यायला जागा होती. त्या रात्रीपासून मी त्यांच्याबरोबर आहे.

हे मी बाबांना थोडक्यात सांगितलं. ते म्हणाले, "हं," आणि पुन्हा ऐकू लागले.

जेवणं झाली. शेवटी लंडनच्या गाण्यातली शीळ राहिली होती. पेल्याच्या कडेवर ओलं बोट फिरवलं की जो बारीक, काचेसारखा सूर निघतो, तो. कॉर्मॅकने पट्टीवर बोट ठेवलं, ईफाने कळ धरली.

"आता?" तिने विचारलं. त्या दिवसातला हा पहिला शब्द, जो तिने थेट त्याला विचारला.

"अजून वर."

तिने चढवला. "आता?"

"अजून. येत नाहीये."

जिग्नेशभाईंनी कानावर हात ठेवला. सूर दातांत शिरावा तसा टोचत होता. खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

"आता?"

"थोडं अजून, ईफा."

आई स्वयंपाकघरातून दोन्ही कान दाबून बाहेर आली. "अगं बंद करा ते! डोकं फुटेल माझं!"

कॉर्मॅकने वर पाहिलं. आईचे कानावरचे हात, जिग्नेशभाईंचा आवळलेला चेहरा, माझा चेहरा, हिंचक्यावर ताठ झालेला डेक्लन. मग त्याने बहिणीकडे पाहिलं. बोट अजून पट्टीवरच होतं. सूर चालूच होता आणि त्या खोलीत ज्याला तो ऐकू येत नव्हता असा कॉर्मॅक एकटाच होता.

ईफाने कळ खाली आणली.

"कधीपासून?"

"उजवा मागच्या हिवाळ्यापासून. डावा आता त्याच्या मागे निघालाय. डॉक्टर म्हणाले, स्टेज सोडलं तर उरलेला टिकेल. काही वर्षं."

"तू कंटाळा आला म्हणालास."

"खरं सांगितलं असतं, तर तू त्याच दिवशी बँड बंद केला असतास," तो म्हणाला. "माझ्याशेजारी येऊन बसली असतीस आणि कधी गायली नसतीस. कंटाळा म्हटलं की तू चिडणार, हे मला माहीत होतं. आणि चिडलीस की तू गातेस."

ईफा उठली आणि गॅलरीत गेली. आईला इंग्रजी बोलता येत नाही, पण समजतं बऱ्यापैकी. तिने कॉर्मॅकच्या पुढ्यात ताटली ठेवली, त्यात लिलो चेवडा वाढला. हा ओलसर, हिरवट चिवडा बडोद्याबाहेर कुठे मिळत नाही. मग ती चहाचा कप घेऊन गॅलरीत गेली. काय बोलली ते मी विचारलं नाही. काचेतून एवढं दिसलं, की ईफा कठड्याला टेकून रडत होती आणि आई तिच्या शेजारी उभी राहून खालच्या भाजीवाल्याकडे बघत होती. कुणी रडत असलं की त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, एवढं आमच्या घरात पाळतात. कॉर्कमध्येही तसंच.

चहा निवला असावा. ईफा आत आली, पाटावर बसली.

"वरचे सगळे सूर मी लावते," ती भावाला म्हणाली. "खालचे तू लाव. आणि उद्या फेरी गायचं."

"यादीत नाही ते."

"यादी मी केली होती ना?"

जिग्नेशभाईंनी मला विचारलं, काय ठरलं? मी सांगितलं. ते कॉर्मॅककडे वळून हिंदीत म्हणाले, "आप बजाओ. ऊपर का मैं संभाल लूँगा. आपकी राइट साइड में बैठूँगा."

पार्टी प्लॉट

पार्टी प्लॉट हे गुजरातचं वैशिष्ट्य. भिंत घातलेलं मोठं हिरवळीचं मैदान, कधी लग्न, कधी गरबा, कधी काहीही. आमचा कार्यक्रम वासण्यापलीकडच्या अशाच एका प्लॉटवर होता. आयोजक पंचविशीतली पाच-सहा मुलंमुली. त्यांनी तिकिटांबरोबर उंधियोचे स्टॉल लावले होते. आयर्लंडमध्ये अशा कार्यक्रमाला लोक बिअर घेऊन उभे असतात. इथे दारूबंदी, त्यामुळे हातात उसाचा रस आणि जिलेबी. डेक्लन म्हणाला, शुद्धीवर असलेल्या प्रेक्षकांसमोर तो पहिल्यांदाच वाजवतोय आणि त्याला भीती वाटतेय.

सयाजीगंजच्या हॉस्टेलांतली मुलं आली होती, त्यांना सगळी गाणी पाठ. पण आमच्या सोसायटीतलेही बरेच आले होते, जिग्नेशभाई विदेशी लोकांत काय वाजवतात ते बघायला. आई-बाबांसाठी मी माझ्या टेबलाशेजारी दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. मी काम करताना त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं.

सूर्य मावळता मावळता सुरुवात झाली. पहिल्या गाण्यात मी घाबरलेलीच होते. परके कीबोर्ड, एका दिवसात घडवलेले आवाज. पण दुसऱ्या गाण्यापासून ते विसरायला झालं. कॉर्मॅक खाली वाकून वाजवत होता, जिग्नेशभाई त्याच्या उजव्या बाजूला बसून वरच्या कळा धरून होते. सूर टोचू लागला की ते डोळ्यांनी सांगायचे, तो हात हलका करायचा. ईफा दर गाण्यात एकदा तरी मागे वळून बघायची. मी इतकी वर्षं तिला ऐकतेय. रागाने गाते तेव्हा ती उत्तम गाते, कॉर्मॅकचं खरं होतं. पण त्या संध्याकाळी तिला राग नव्हता आणि तरी ती त्याहून चांगली गायली. आवाज कुठेकुठे फाटला आणि तिने तो फाटू दिला.

मध्येच बाबा उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले. बराच वेळ माझे हात बघत होते. मग वाकून माझ्या कानात म्हणाले, "मला वाटायचं, तू आवाज मोठा करतेस. तू तर मघापासून नुसता कमीच करते आहेस."

"मोठा सगळे करतात, बाबा."

ते पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांनी आईला काहीतरी सांगितलं. आईने माझ्याकडे बघून मान हलवली. एवढंच. पण इतक्या वर्षांत माझं काम घरात कुणाला कळलं असेल, तर ते त्या क्षणी.

शेवटून दुसरं गाणं सहा मात्रांचं, आयरिश नाचाच्या ठेक्यावरचं. ते सुरू झालं आणि पुढच्या रांगेतल्या दोन मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. एक पाऊल पुढे, टाळी, गिरकी. त्यांच्यामागे आणखी चार. बघता बघता हिरवळीवर गोल झाला, त्यात दुसरा गोल. बडोद्याच्या माणसाच्या पायांना गरब्याच्या सहा मात्रा मिळाल्या की त्याला विचारायला लागत नाही. आमच्या सोसायटीतल्या बायका पदर खोचून शिरल्या, हॉस्टेलची मुलं शिरली, आयोजक मुलगी गळ्यातला पास उडवत शिरली. डेक्लन उभा राहून ड्रम बडवत होता आणि मोठ्याने हसत होता. जिग्नेशभाई गोलाकडे बघून कॉर्मॅकला खुणेने सांगत होते, संपवू नका, अजून एकदा घ्या, आणखी एकदा. गाणं नेहमीच्या तिप्पट लांबलं. ईफाचे शब्द संपले तेव्हा तिने गिटार खाली ठेवली आणि नुसत्या टाळ्या धरल्या.

मग सगळे धापा टाकत थांबले आणि ती माइकवर म्हणाली, "आता माझा भाऊ गाणार आहे."

तो उभा राहिला. भोंग्याचा सूर लागला, ओला, डुलणारा. कॉर्मॅकचा आवाज साधा आहे, जमिनीलगत चालणारा. पहिल्या ओळीला तो घसरला. स्टेजवरच्या गोंगाटात त्याला स्वतःचाच आवाज सापडत नव्हता, हे मला मैदानाच्या मध्यावरून कळलं. मी बाकीचं सगळं खाली आणलं. डेक्लनने काठ्या मांडीवर ठेवल्या. ईफा तिच्या माइकपासून दूर झाली, त्याच्या डाव्या बाजूला गेली, त्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवली आणि कानाशी गुणगुणू लागली. ते लोकांना ऐकू आलं नाही. मी तिचा माइक बंद केला होता. तो गुणगुणता सूर धरून तो पुढे गायला, शेवटपर्यंत, न घसरता.

टाळ्या पडल्या तेव्हा त्याने डोळे मिटले आणि तळहात स्टेजच्या लाकडावर टेकून बसला, जशा काही त्या टाळ्या खालून येत होत्या.

परत

सकाळी निघण्याआधी वासण्याला गेलो, तर सोसायटीतले निम्मे लोक खाली निरोपाला. आईने डेक्लनला शेवेचा एवढा मोठा डबा दिला, की त्याला कपडे दुसऱ्याच्या बॅगेत टाकावे लागले. जिग्नेशभाईंनी कॉर्मॅकला मिठी मारून त्याच्या डाव्या कानात मोठ्याने सांगितलं, "आवजो!" आणि मला म्हणाले, "बेन, यांना सांगा, हे बाय नाही. आवजो म्हणजे परत या."

कॉर्मॅक स्टेजवर परत गेला नाही. तो त्याचा शेवटचा कार्यक्रम होता. बँड मात्र थांबला नाही. वसंतात ईफा आणि डेक्लनने दोघांनीच एक दौरा केला, नवीन गाणी बसवताहेत, आणि खालचे सूर अजूनही कॉर्मॅक घरी बसून, हळू आवाजात, घडवून देतो.

मागच्या आठवड्यात मी त्यांना कॉर्कमध्ये नदीकाठच्या एका कॅफेत भेटायला गेले. दोघं भाऊ-बहीण दर मंगळवारी ओठ वाचायच्या वर्गाला जातात. त्याला शिकायचंच होतं. तिने विचारलं नाही, नुसतं स्वतःचंही नाव घातलं. मला पोचायला उशीर झाला. आत गर्दी होती, कॉफीच्या यंत्राचा फुसफुसाट, कपबशांचा खडखडाट, कुणाचं तरी रडणारं बाळ. त्या सगळ्यात खिडकीशी ती दोघं बसली होती आणि आवाज न काढता बोलत होती. ईफाचे ओठ हलायचे, कॉर्मॅक निरखून बघायचा, मग त्याचे हलायचे. मध्येच तो काहीतरी बोलला आणि ती टेबलावर डोकं ठेवून हसली, खांदे गदगदेपर्यंत.

मी खुर्ची ओढून बसले. माझं सगळं आयुष्य ऐकण्यात गेलेलं आहे आणि मला एक अक्षर कळलं नव्हतं.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

ईफाने डोळे पुसले. "ते तुझ्यासाठी नव्हतं," ती म्हणाली आणि पुन्हा त्याच्याकडे वळली.